वाचकांचे प्रश्न : लॅटिनमधलं आत्मनेपद

मागच्या अंकात कोर्टाच्या भाषेतल्या लॅटिन शब्दांवर लिहिताना ‘नोन सेक्वितुर’ हा प्रयोग आला होता. ‘आधीच्या विधानातून हे निष्पन्न होत नाही’ असा त्याचा अर्थ. त्यातलं ‘सेक्वितुर’ हे ‘डिपोनंट’ जातीचं क्रियापद आहे एवढं सांगून मी पुढे सरकले होते. त्यावर जी पत्रं आली त्यांतली निम्मी ह्या एका शब्दाबद्दलच आहेत, आणि एकाचं उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याचं देता येत नाही. म्हणून ह्या वेळचं सगळं सदर त्याच क्रियापदाला. शीर्षकात आत्मनेपद आलं आहे ते संस्कृतातलं : क्रियापदांच्या प्रत्ययांचे दोन गट, ‘गच्छति’सारखं परस्मैपद आणि ‘भाषते’सारखं आत्मनेपद, त्यांतला दुसरा.

प्रश्न : मी सिव्हिल लाईन्सला कोर्टाबाहेर बसून प्रतिज्ञापत्रं टाइप करतो. इंग्रजी प्रतिज्ञापत्राच्या शेवटी, सहीच्या जागेखाली ‘डिपोनंट’ हा शब्द रोज टाइप करावा लागतो. तिथे तो माणसाला लावलेला असतो. तुम्ही तो क्रियापदाला लावला. हे कसं? आणि ‘सेक्वितुर’चा नेमका अर्थ काय? (एक टंकलेखक, नागपूर)

उत्तर : शब्द एकच आहे, भाऊ. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणं. त्याला ‘दे’ हा उपसर्ग लागला की ‘देपोनेरे’, म्हणजे खाली ठेवणं, उतरवून ठेवणं. त्याचं धातुसाधित ‘देपोनेन्स’, म्हणजे उतरवून ठेवणारा. आपली साक्ष कोर्टापुढे आणून ठेवणारा तो तुमच्या कागदावरचा डिपोनंट. बँकेतलं डिपॉझिट आणि एसटीचा डेपो हे शब्दही ह्याच क्रियापदातून निघाले.

व्याकरणकारांनी तो शब्द घेतला तो ‘बाजूला काढून ठेवणारं’ ह्या अर्थाने. चौथ्या शतकात रोममध्ये दोनातुस नावाचा व्याकरणाचा शिक्षक होता. त्याने क्रियापदांचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला एक हा. कल्पना अशी की ह्या क्रियापदाचं रूप कर्मणी आहे, पण कर्मणी अर्थ मात्र त्याने उतरवून ठेवला आहे. लॅटिनमध्ये ‘अमत’ म्हणजे ‘तो प्रेम करतो’ आणि ‘अमातुर’ म्हणजे ‘त्याच्यावर प्रेम केलं जातं’. शेवटचा ‘तुर’ ऐकला की ऐकणाऱ्याला कर्मणीची खूण पटते. ‘सेक्वितुर’च्या शेवटीही तोच ‘तुर’ आहे. तरी ‘कनिस पुएरुम सेक्वितुर’ ह्या वाक्याचा अर्थ होतो ‘कुत्रा मुलाच्या मागे जातो’. कुत्रा कर्ता, मुलगा कर्म, वाक्य सरळ कर्तरी. ‘कुत्र्याकडून मुलाचा पाठलाग केला जातो’ असं म्हणायचं असेल तर हे क्रियापद तुमच्या कामाचं नाही. कर्मणीचं रूप कर्तरी अर्थासाठी वापरून झालेलं असल्यामुळे त्याला वेगळं कर्मणी रूप उरत नाही. दुसरं क्रियापद शोधावं लागतं.

मूळ अर्थ ‘मागोमाग जाणं’. त्यातून पाठलाग करणं, एखाद्याचं म्हणणं मानणं, क्रमाने पुढे येणं, आणि कारणातून परिणाम निघणं. कायद्याच्या पुस्तकात पानाच्या आकड्यापुढे ‘एट सेक’ छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते ‘सेक्वेन्स’चं किंवा त्याच्या अनेकवचनाचं आखूड रूप, ‘आणि त्यापुढील’ ह्या अर्थाचं. मृत्युपत्रातला एक्झिक्युटर हा ‘एक्स-सेक्वोर’मधून आला, म्हणजे काम शेवटापर्यंत मागे लागून तडीस नेणारा. सरकारी वकिलाला प्रॉसिक्युटर म्हणतात तो ‘प्रो-सेक्वोर’मधून.

तुमच्याकडे वारसाहक्काचे कागद रोज येत असतील म्हणून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. जुन्या रोमन थडग्यांच्या दगडांवर पुष्कळदा एच, एम, एच, एन, एस अशी पाच अक्षरं कोरलेली सापडतात. पूर्ण वाक्य असं : ‘होक मोनुमेन्तुम हेऽरेऽदेम नोन सेक्वेऽतुर’. शब्दशः अर्थ ‘हे थडगं वारसाच्या मागे जाणार नाही’. जमीनजुमला, घर, गुलाम वारसाकडे जातील. ही जागा जाणार नाही, ती त्याने विकायची नाही. म्हणजे मालमत्ता कोणाकडे ‘जाते’ हे सांगायलाही रोमन माणूस हेच क्रियापद वापरत होता.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे आणि संस्कृत घेतलं आहे. ‘सेक्वितुर’ची सगळी रूपं द्याल का? मैत्रिणी विचारतात काहून पाठ करतेस, परीक्षेत तर येणार नाही. मला आवडतं म्हणून. (अकरावीची विद्यार्थिनी, नंदनवन)

उत्तर : बेटा, आवडतं म्हणून पाठ करतेस हे फार चांगलं. रूपं देते, पण आधी लिहिण्याची एक अडचण सोडवू.

मला लॅटिन शिकवलं ते सेमिनरी हिल्सवरच्या एका वयस्कर फादरांनी. त्यांनी मला पहिल्या दिवशीच रोमन लिपी सोडून देवनागरीत वही घालायला सांगितली. रोमन लिपीतल्या छापील लॅटिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ बहुधा दाखवलेलं नसतं, आणि लॅटिनमध्ये त्यावर अर्थ ठरतो. देवनागरीत अ-आ, इ-ई, उ-ऊ आपोआप वेगळे पडतात. घोटाळा फक्त ‘ए’ आणि ‘ओ’चा, कारण आपल्याकडे त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार नाहीत. त्यासाठी आम्ही लांब ‘ए’पुढे अवग्रह (ऽ) घालायचो. वर थडग्याच्या वाक्यात ‘सेक्वेऽतुर’ लिहिलं ते त्यामुळे. तूही तसंच लिही. अवग्रह नसलेला ‘ए’ तोकडा म्हण.

शब्दकोशात हे क्रियापद तीन रूपांनी दिलेलं असतं : सेक्वोर, सेक्वी, सेकूतुस सुम. म्हणजे ‘मी मागे जातो’, ‘मागे जाणं’, ‘मी मागे गेलो’. साध्या क्रियापदाला चार रूपं देतात, ह्याला तीन पुरतात. कोशातला पहिलाच शब्द ‘ओर’ने संपला की समजायचं, हे डिपोनंट.

वर्तमानकाळ : सेक्वोर, सेक्वेरिस, सेक्वितुर, अनेकवचनात सेक्विमुर, सेक्विमिनी, सेक्वुन्तुर. लॅटिनवाले ‘मी’पासून सुरू करतात. आपण संस्कृतात ‘तो’पासून सुरू करतो आणि त्यालाच प्रथम पुरुष म्हणतो, तेवढं उलटं करून घे. द्विवचन लॅटिनमध्ये नाही, त्यामुळे पाठांतर तिसऱ्या हिश्शाने कमी. आता शेजारी संस्कृत ‘सच्’ची (सोबत असणं) रूपं लिही : सचे, सचसे, सचते, सचामहे, सचध्वे, सचन्ते. ‘सेक्वितुर’ आणि ‘सचते’, ‘सेक्वुन्तुर’ आणि ‘सचन्ते’ ह्या जोड्या मोठ्याने म्हणून बघ. ह्याबद्दल पुढच्या उत्तरात.

अपूर्ण भूतकाळ : सेक्वेऽबर, सेक्वेऽबारिस, सेक्वेऽबातुर, सेक्वेऽबामुर, सेक्वेऽबामिनी, सेक्वेऽबन्तुर. ह्याचा अर्थ पुस्तकी मराठीत ‘तो मागे जात होता’ असा देतात. तुझ्या-माझ्या नागपुरी बोलीत ‘तो मागे येऊन राहिला होता’ म्हणतो, ते मला ह्या काळाचं सगळ्यांत नेमकं भाषांतर वाटतं. क्रिया चालू आहे, संपलेली नाही, आणि आपण ती मधूनच पाहतो आहोत, हे सगळं ‘राहिला’मध्ये येतं. फादरांना हे मराठी रूप इतकं पटलं होतं की ते पुढच्या मुलांनाही तसंच सांगत.

भविष्यकाळ : सेक्वर, सेक्वेऽरिस, सेक्वेऽतुर, सेक्वेऽमुर, सेक्वेऽमिनी, सेक्वेन्तुर. पहिल्या रूपात ‘अ’, बाकी सगळीकडे ‘ए’. इथे कान उघडे ठेव. ‘सेक्वेरिस’ म्हणजे ‘तू मागे जातोस’ आणि ‘सेक्वेऽरिस’ म्हणजे ‘तू मागे जाशील’. फरक एका मात्रेचा. बोलताना मात्र तो लपत नाही, कारण लॅटिनमध्ये शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर पडतो, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर जातो. म्हणून वर्तमानकाळात जोर ‘से’वर, भविष्यकाळात ‘क्वेऽ’वर. लघु-गुरूचा हिशोब तुला वृत्तांमुळे येतोच.

पूर्ण भूतकाळ तर तुला शिकवायलाच नको. ‘सेकूतुस एस्त’ म्हणजे तो मागे गेला आहे, ‘सेकूता एस्त’ म्हणजे ती मागे गेली आहे, ‘सेकूतुम एस्त’ म्हणजे ते मागे गेलं आहे. अनेकवचनात ‘सेकूती सुन्त’, ‘सेकूते सुन्त’ आणि ‘सेकूता सुन्त’. ह्यांतल्या स्त्रीलिंगी ‘सेकूते’चा शेवट जुन्या रोमन उच्चारात ‘आइ’सारखा होता. धातुसाधित कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं आणि शेजारी ‘आहे’ उभं राहतं. तीन लिंगं, तीन रूपं. इंग्रजीतून लॅटिन शिकणारी मुलं इथे अडखळतात, हिंदीवाल्यांना नपुंसकलिंग जड जातं. मराठी मुलीला हे घरचं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लॅटिनमध्ये साध्या क्रियापदाचं भूतकाळी धातुसाधित कर्मणी असतं : ‘काप्तुस’ म्हणजे ‘पकडलेला’, ‘ज्याने पकडलं तो’ असं कधीच नाही. त्यामुळे आपलं ‘ऊन’ रोमन माणसाला सहज जमत नाही. ‘शहर घेऊन तो परतला’ ह्यासाठी त्याला ‘शहर घेतलं गेलं असता’ अशी रचना करावी लागते, आपल्या सति सप्तमीसारखी. डिपोनंटांना ही अडचण नाही. ‘सेकूतुस’ म्हणजे सरळ ‘मागे जाऊन’, ‘लोकूतुस’ म्हणजे ‘बोलून’. रोमन इतिहासकार आपल्या लांबलचक वाक्यांत ही रूपं भरभरून वापरतात, त्याचं कारण हेच.

काही रूपं उघडपणे कर्तरी साच्यातली आहेत : ‘सेक्वेऽन्स’, मागे जाणारा, ‘सेकूतूरुस’, मागे जाणार असलेला. आणि एक सापळा. ‘सेक्वेरे’ हे रूप पाहून ते ‘मागे जाणं’ असं भाववाचक वाटेल, कारण साध्या क्रियापदांची तशी रूपं ‘एरे’ने संपतात. ते आज्ञार्थाचं आहे : ‘मागे ये’. त्याबद्दलच पुढचं पत्र आहे.

प्रश्न : माझ्या आजीच्या प्रार्थनापुस्तकात एक जुनं चित्र ठेवलेलं आहे. येशू हात पुढे करून एका माणसाला बोलावतो आहे आणि खाली ‘सेक्वेरे मे’ असं छापलं आहे. अर्थ घरात सगळ्यांना माहीत आहे, ‘माझ्यामागे ये’. पण तुमचा मागचा अंक वाचल्यापासून हे तेच क्रियापद का, अशी शंका आहे. (एक वाचक, सदर)

उत्तर : तेच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जकात नाक्यावर बसलेल्या मत्तयाला येशू एवढेच दोन शब्द म्हणतो. लगेच पुढे ‘सेकूतुस एस्त’ येतं, म्हणजे तो मागे गेला. आज्ञार्थ आणि पूर्ण भूतकाळ एका ओवीत शेजारी शेजारी. शुभवर्तमानांचं हे लॅटिन चौथ्या शतकाच्या अखेरीला संत जेरोमने जुनी भाषांतरं तपासून सिद्ध केलं, आणि जेरोम हा त्याच दोनातुसचा विद्यार्थी होता, ज्याचं नाव वर पहिल्या उत्तरात आलं.

ह्या आज्ञार्थाचा भाऊ आपल्याकडेही आहे. ऋग्वेदाचं पहिलं सूक्त अग्नीचं आहे. त्याची शेवटची ऋचा : ‘स नः पितेव सूनवेऽग्ने सूपायनो भव । सचस्वा नः स्वस्तये ॥’ बाप जसा मुलाला सहज जवळ करता येतो तसा, हे अग्ने, तू आम्हाला हो. आमच्या कल्याणासाठी आमच्या सोबत राहा. ‘सचस्व’ आणि ‘सेक्वेरे’ हे एकाच धातूचे, एकाच पुरुषाचे, एकाच वचनाचे आज्ञार्थ आहेत. आत्मनेपदात आज्ञार्थाच्या मध्यम पुरुषाला संस्कृतात ‘स्व’ लागतो. लॅटिनच्या पूर्वजात तिथे ‘सो’ होता. दोन स्वरांच्या मधल्या ‘स’चा ‘र’ करायचा ही लॅटिनची जुनी खोड आहे : आपलं ‘जनस्’ ते त्यांचं ‘गेनुस’, पण षष्ठीत आपलं ‘जनसः’ आणि त्यांचं ‘गेनेरिस’. त्याच नियमाने ‘सेक्वेसो’चं ‘सेक्वेरे’ झालं.

आजीच्या चित्रावरचा शब्द महालातल्या वेदपाठशाळेत रोज सकाळी म्हटला जातो, हे तुम्हाला कळवताना मला खरोखर आनंद होतो आहे.

प्रश्न : आपण ‘सेक्वितुर’ला आत्मनेपदाशी जोडणार हे मला मागच्याच अंकात दिसलं होतं. दोन शंका. एक, ‘सच्’ आणि ‘सेक्व्’ हे साम्य केवळ कानाला भासणारं नाही ना? दोन, आत्मनेपदाच्या प्रत्ययांत ‘र’ नाही. मग लॅटिनच्या शेवटी हा ‘र’ आला कुठून? (निवृत्त संस्कृत शिक्षक, महाल)

उत्तर : सर, आपलं पत्र आलं नसतं तर हे सदर अर्धवट राहिलं असतं.

पहिली शंका. लॅटिन ‘ए’च्या जागी संस्कृतात ‘अ’ येतो : एस्त-अस्ति, सेप्तेम-सप्त, देकेम-दश. लॅटिन ‘क्व’च्या जागी, पुढे मूळचा ‘ए’ असेल तर, संस्कृतात ‘च’ येतो : क्विन्क्वे-पञ्च, क्वे-च. (हो, आपला ‘रामः लक्ष्मणश्च’मधला ‘च’; लॅटिन ‘क्वे’ही शब्दाच्या पाठीलाच चिकटतो.) हे दोन्ही नियम लावले की ‘सेक्वे-’चं ‘सच-’ होतं, एकही अक्षर ओढूनताणून बसवावं लागत नाही. ग्रीकमध्ये हेच ‘हेपेताइ’ आहे, सुरुवातीच्या ‘स’चा ‘ह’ होऊन, जसं सप्तचं ‘हेप्ता’. तिथेही ते परस्मैपदासारखं चालत नाही, मध्यम प्रयोगातच, म्हणजे त्यांच्या आत्मनेपदातच चालतं. जुन्या आयरिशमध्ये ‘सेखिथिर’, तिथेही डिपोनंट. चार दूरच्या भाषा, एक धातू, आणि चारही ठिकाणी प्रत्ययांचा गट तोच. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, आपल्याला हा ‘षच समवाये’ असा मूर्धन्य षकाराने सापडेल आणि तिथे ‘सचति’लाही वाव आहे. पण ऋग्वेदात भेटतो तो बहुतेक ‘सचते’च.

शाळेतल्या लॅटिन पुस्तकांची व्याख्या अशी असते : रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. परीक्षेला ती पुरते. माझी तक्रार एवढीच की ती वाचून मुलांना वाटतं, ही क्रियापदं मुळात कर्मणी होती आणि पुढे बिघडली. इतिहास उलट्या बाजूने चालला आहे. आधी होता तो मध्यम प्रयोग, आपलं आत्मनेपद. क्रिया कर्त्यापाशीच घडते किंवा तिचं फळ त्याच्याकडे येतं तेव्हा वापरायचा. ‘यजति’ म्हणजे पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, ‘यजते’ म्हणजे यजमान स्वतःसाठी करतो, हे उदाहरण आपण वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं असेल. त्याच मध्यमातून पुढे कर्मणी निघाला. पाणिनीची मांडणीच हे दाखवते : ‘अनुदात्तङित आत्मनेपदम्’ ह्या सूत्राला लागून लगेच ‘भावकर्मणोः’. कर्मणीला वेगळे प्रत्यय नाहीत, आत्मनेपदाचेच दिले. संस्कृतात मध्ये ‘य’ येतो म्हणून ‘सेवते’ आणि ‘सेव्यते’ वेगळे ओळखता येतात. लॅटिनने तसा ‘य’ ठेवला नाही, म्हणून तिथे दोन्ही एकसारखे दिसतात, आणि पुढच्या व्याकरणकाराला वाटलं की ह्या क्रियापदाने काहीतरी उतरवून ठेवलं आहे. त्याने काहीही उतरवलेलं नाही. ते जुन्या जागीच उभं आहे.

अर्थांचे गट पाहिले तरी हेच दिसतं. लॅटिनमध्ये जन्मतो ‘नास्कितुर’, मरतो ‘मोरितुर’. संस्कृतात ‘जायते’, ‘म्रियते’. दोन्ही जोड्यांत धातू एकच, आणि ‘मोरितुर’च्या ‘मी’च्या रूपात, ‘मोरिओर’मध्ये, तर ‘म्रिये’चा ‘य’सुद्धा शिल्लक आहे. बोलणं, भिणं, आनंदणं, आश्चर्य वाटणं, दया येणं ह्या अर्थांची पुष्कळ लॅटिन क्रियापदं डिपोनंट आहेत. आपण शाळेत भाषते, मोदते, शङ्कते, लज्जते, याचते, वन्दते असं घोकलं. ‘वन्दे मातरम्’ म्हणताना प्रत्येक जण डिपोनंटाच्या प्रकृतीचंच एक रूप उच्चारत असतो.

आता ‘र’. जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रांत्स बॉपने 1816 मध्ये संस्कृतच्या क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशी तुलना छापली. त्याला आणि त्याच्या पिढीला वाटलं की हा ‘र’ म्हणजे ‘स्वतःला’ ह्या अर्थाचं ‘से’, ‘स’चा ‘र’ होऊन चिकटलेलं. ‘सेक्वेरे’मधला ‘र’ ‘स’पासून आला हे आपण वर पाहिलंच, तेव्हा ह्या शेवटच्या ‘र’बद्दलही तसं वाटणं स्वाभाविक होतं. पण जुन्या आयरिशमध्ये ‘स’चा ‘र’ होत नाही आणि तिथेही हा ‘र’ आहे. पुढे 1908 मध्ये मध्य आशियात सापडलेल्या हस्तलिखितांतली तोखारी भाषा ओळखली गेली, 1915 मध्ये ह्रोझ्नी ह्या चेक अभ्यासकाने हित्ती ह्या प्राचीन तुर्कस्तानातल्या भाषेचा उलगडा मांडला, आणि दोन्हींत मध्यम प्रयोगाच्या शेवटी ‘र’ निघाला. हित्तीत ‘कित्तारि’ म्हणजे ‘पडून आहे’. आपल्या ‘शेते’चाच तो धातू. म्हणजे ‘र’ लॅटिनने घडवलेला नाही, तो फार जुना आहे.

आणि संस्कृतात तो नाही, असं आपण म्हणता. सर, शेते, शयाते आणि पुढे? ‘शेरते’. मुलं हमखास विचारतात, हा ‘र’ कुठून आला, आणि आपण ‘शीङो रुट्’ हे सूत्र सांगतो. लिट् लकारात (परोक्ष भूतकाळात) ‘लेभिरे’, ‘चक्रिरे’ आहेतच. आत्मनेपदाच्या प्रथम पुरुषाच्या अनेकवचनात असे ‘र’चे तुकडे राहिले आहेत, आणि बरेच तुलनात्मक अभ्यासक लॅटिनच्या ‘र’चं नातं त्यांच्याशी लावतात. मला हे नातं पटतं. आपल्याला काय वाटतं ते जरूर कळवा.

प्रश्न : मराठीत असं काही उरलं आहे का? (धरमपेठ)

उत्तर : प्रत्यय म्हणून नाही. प्राकृतातच आत्मनेपद ओसरलं. ‘लभते’चं ‘लहइ’ झालं, परस्मैपदाचा प्रत्यय घेऊन, आणि तेच मराठीत ‘लाहणे’ म्हणून आलं. पसायदानातलं ‘जो जे वांछील तो तें लाहो’ आठवा. संस्कृतात ‘लभताम्’ म्हणावं लागलं असतं. ज्ञानदेवांच्या मराठीत ‘लाहो’ इतर क्रियापदांच्या रांगेत बसला आहे. लॅटिनच्या लेकींचंही असंच झालं. ‘सेक्वी’ जाऊन इटालियनमध्ये ‘सेग्वीरे’, स्पॅनिशमध्ये ‘सेगीर’, फ्रेंचमध्ये ‘स्विव्र’ आले, सगळे साधे कर्तरी.

स्वभाव म्हणून मात्र एक गोष्ट आहे. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माच्या मागे जातो : त्याने चिठ्ठी वाचली, तिने आंबा खाल्ला. तरी ‘तो मराठी शिकला’, ‘ती पत्ता विसरली’, ‘ती खोटं बोलली’. इथे कर्म आहे, पण क्रियापद कर्त्याचं ऐकतं, ‘ने’ लागत नाही. लॅटिनमध्ये बोलणं, ‘लोक्वोर’, आणि विसरणं, ‘ओब्लीविस्कोर’, दोन्ही डिपोनंट आहेत; ‘ओब्लीता एस्त’ म्हणजे शब्दाला शब्द ‘ती विसरली आहे’. मराठीचं हे वळण आत्मनेपदातून थेट आलं असं मी म्हणणार नाही, तशी वंशावळ दाखवता येत नाही. पण बोलणं, शिकणं, विसरणं ह्यांत बाहेरच्या वस्तूला काही होत नाही, जे होतं ते कर्त्याचं होतं, ही जाण दोन्ही भाषांना आहे.

प्रश्न : ‘सेकंद’चा ह्या क्रियापदाशी संबंध आहे असं कुठेतरी वाचलं. खरं का? (मनीषनगर)

उत्तर : खरं. ‘सेकुन्दुस’ म्हणजे मागोमाग येणारा, म्हणून दुसरा. तासाचे लहान भाग केले ते मिनिट. त्या भागांचे पुन्हा लहान भाग केले ते ‘दुसरे’, म्हणून सेकंद. पाठीमागून येणाऱ्या, जहाजाला अनुकूल वाऱ्यालाही रोमन लोक ‘सेकुन्दुस’ म्हणत.

आपण पत्र हाउसिंग सोसायटीच्या लेटरहेडवर लिहिलं आहे, म्हणून आणखी दोन शब्द. ‘सोसायटी’ आली ‘सोकिउस’पासून, म्हणजे सोबती, तोही ‘सेक्वोर’च्याच धातूचा, आणि आपला ‘सखा’ त्याचा भाऊ. ‘सचिव’ निघाला ‘सच्’पासून, मुळात सोबत असणारा, मग राजाचा सल्लागार. लेटरहेडवर सहीसाठी ‘सोसायटीचे सचिव’ असं छापलेलं आहे. ते दोन्ही शब्द ह्या एकाच धातूचे.